चेहरा दिसू दे

साथीमुळे वृद्धाश्रमात नातेवाइकांना बंदी होती, म्हणून मी आत्याआजीला गेटच्या गजांतूनच भेटायचे. त्या दिवशी मात्र अंगणात माणसं होती. कुणीतरी वाढदिवसाची फळं वाटायला आलं होतं. देणगीदारांना बंदी नव्हती.

म्हाताऱ्यांना खुर्च्यांवर ओळीने बसवलं होतं.

“आजी, मास्क खाली घ्या, चेहरा दिसू दे,” वाढदिवसवाला फोटोसाठी मोबाइल उंचावत म्हणाला. त्याचा स्वतःचा मास्क खिशात होता.

“असाच काढा की! मला ओळखायला कोण बसलंय?” आत्याआजी म्हणाली.

सगळे हसले. मग त्याने बोट घालून तिचा मास्क हनुवटीवर ओढला आणि वाकून तिच्या गालाजवळ गाल नेला.

मी जोरात गेट वाजवलं.

“ताई, लांब उभ्या राहा,” वॉचमन म्हणाला. “साथ आहे ना.”

म्हातारपण लोकांना बहुधा असंच आवडतं, उपकाराखाली हसणारं. त्या हसण्यासाठी त्याने स्वतःचा श्वास तिच्या तोंडावर सोडला आणि केळ्यांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवून तो पुढच्या खुर्चीकडे वळला.

आत्याआजीने पिशवीला हात लावला नाही. त्याचं बोट लागलेली जागा ती पदराने पुसत राहिली, लाल होईपर्यंत.