गोलकीपर जावयाचा धोंड्याचा महिना

एप्रिलात मायचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही, थेट मुद्दा.

"यंदा धोंड्याचा महिना हाय. जावयाला घेऊन ये. मागच्या टायमाला बी आली न्हाईस. बाया इचारून राहिल्या, जावई खरंच हाय का नुसता फोटू हाय?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तीनेक वर्षांनी एकदा अधिक महिना येतो आणि आमच्या मराठवाड्यात त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. त्या दिवसांत जावई म्हणजे देव. फरक एवढाच की देवाला नैवेद्य दाखवला की काम भागतं, जावयाला तो संपवावा लागतो.

माझा नवरा खेरिट डच आहे, चाळिशीला टेकलेला आहे आणि पोटापाण्यासाठी फुटबॉलमध्ये गोलकीपरचं काम करतो. मागच्या अधिकात त्याचा हंगाम तोंडावर आला होता, त्यामुळे जमलं नाही. यंदा अधिक महिना बरोब्बर त्याच्या सुट्टीत आला. सबब संपली, तिकिटं काढली.

निघताना सामानाबरोबर एक घोर होता. क्लबनं त्याला आणखी एका वर्षाचा करार देऊ केला होता, तिसरा गोलकीपर म्हणून. म्हणजे पहिला जखमी झाला आणि दुसऱ्याला ताप आला, तर हा. परत आल्या आल्या उत्तर द्यायचं होतं, आणि हो म्हटलं तर जुलैत वजन करून घ्यायचं होतं. मला मनातून वाटत होतं की त्यानं आता थांबावं. त्याची बोटं इतक्यांदा निखळली आहेत की लग्नाची अंगठी तो गळ्यातल्या साखळीत घालतो. पण मी बोलत नव्हते. आणि तो ठरवत नव्हता.

हैदराबादला विमानातून उतरलो आणि सिकंदराबादहून सकाळची नांदेडची गाडी पकडली. असं जाणार असाल तर वातानुकूलित डब्याचं आरक्षण महिनाभर आधी करा. आम्ही केलं नव्हतं. साध्या डब्यात खिडकीतून येणारा वारा भट्टीतून आल्यासारखा होता आणि खेरिटचे पाय समोरच्या बाकाच्या खाली जाऊन पलीकडे निघाले होते. धर्माबादला एक आजी मिरच्यांचं बोचकं घेऊन चढल्या. बोचकं त्याच्याशेजारी ठेवलं. हा पुढची दहा मिनिटं शिंकत होता.

"काय करतेत पावणे?" आजींनी मला विचारलं.

"फुटबॉल खेळतात."

"ते झालं. अन् कामधंदा?"

"तोच कामधंदा. गोल अडवायचा."

"मग अडवतेत का?"

आता खोटं कशाला बोला. "सध्या बाहेर बाकावर बसतात. आतला पडला तर यांना बोलावतात."

"अन् बसल्याचा पगार भेटतो?"

"हाव."

आजींनी खेरिटकडे पहिल्यांदाच नीट, आदरानं पाहिलं. "सरकारी हाय का?"

मी खेरिटला भाषांतर करून सांगितलं. तो एवढा हसला की मिरच्या विसरला. उमरीला आजी उतरल्या तेव्हा त्यानंच बोचकं खाली दिलं, आणि त्यांनी फलाटावरच त्याच्या दंडावर हात ठेवून सांगितलं, "सोडू नका बरं नोकरी."

मी मनात म्हटलं, झालं. पहिलं मत माझ्या विरोधात पडलं.

नांदेडला ऊन असं होतं की रिक्षाच्या सीटवर बसवेना. रिक्षावाल्याने नाव विचारलं. माझ्या डच सासरी सगळ्यांचा आक्षेप असतो की मला नवऱ्याचं नाव म्हणता येत नाही, तो घशातून खरवडून काढायचा 'ख' मला जमत नाही. रिक्षावाला दखनी उर्दू बोलणारा. त्यानं एका फटक्यात, त्याच्या आईनं मारावी तशी हाक मारली, "खेरिट भाई, बैठो!" खेरिटनं त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि भाड्यावर वीस रुपये जास्त दिले.

दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. नांदेडला गेलात तर हे चुकवू नका. डोक्याला रुमाल बांधा, पंगतीत बसा, पोटभर जेवा, कुणी काही विचारत नाही. तिथं पोळी ताटात वाढत नाहीत, दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते. वाढणाऱ्या सरदारजींनी लांबून पोळी सोडली आणि खेरिटनं ती दोन्ही तळव्यांत, छातीशी, सफाईनं झेलली. सरदारजी थबकले. दुसरी त्यांनी जरा बाजूला टाकली. तीही झेलली. तिसरी चांगलीच उंचावरून आली. मी "बास, बास" करेपर्यंत पाच पोळ्या झाल्या होत्या आणि ताटात काही टाकायचं नाही म्हणून त्या खाव्या लागल्या. धोंडे अजून दोन दिवस लांब होते.

माझा भाऊ बालाजी गाडी घेऊन आला. तो अहमदपूरच्या शाळेत मास्तर आहे आणि प्रश्न विचारणं हा त्याचा स्वभाव आहे. रस्ता आता छान झाला आहे, लोह्यावरून अहमदपूरला दीड-दोन तासांत पोचता, पण सकाळी लवकर निघा. वाटेत एका धाब्यावर चहा-भजी घेतली आणि पुन्हा गाडीत बसल्यावर बालाजीनं खेरिटची सगळी कारकीर्द काढून घेतली. मी मधे बसून भाषांतर करत होते.

एकोणिसाव्या वर्षी पहिला सामना मिळाला, कारण मुख्य गोलकीपर सायकलवरून पडला. मग खालच्या श्रेणीतल्या एका छोट्या क्लबकडून आठ हंगाम हाच मुख्य होता. एकदा शेवटच्या सामन्यात दोन पेनल्टी अडवून त्यानं संघ वाचवला, तर गावानं गाडीच्या चाकाएवढं चीज भेट दिलं. एकदा वाऱ्यानं वळलेला चेंडू पायांमधून आत गेला, तर ते चित्रीकरण टीव्हीवाले अजूनही अधूनमधून दाखवतात. त्या आठ वर्षांच्या जोरावर एका मोठ्या क्लबनं बोलावलं.

"अन् मग?" बालाजीनं स्टेअरिंग सोडून मागे वळून विचारलं.

"मग बाक," खेरिट मराठीत म्हणाला. हा शब्द त्याला कुणी शिकवला ते मला माहीत नाही.

मोठा क्लब, मोठं मैदान आणि मोठा बाक. त्यानंतर आणखी दोन क्लब, तिथंही बाक. आमची ओळख झाली ती या काळात. मी त्याच्या सामन्यांना जाते, पण आजवर पाहिली आहे ती बाकावरची त्याची पाठ. हे मी बालाजीला सांगितलं नाही, पण त्यानंतर तो लोह्यापासून घरापर्यंत फक्त पाऊसपाण्याचंच बोलला, म्हणजे त्याला कळलं असावं.

आमचं गाव अहमदपूरपासून जवळच. अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी कबड्डीत नाव काढलेले. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी जावयाचे पाय, मांड्या, खांदे असे खालून वर पाहिले, बैल पाहतात तसे, आणि मान हलवली. पसंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "चल उठ, माय सुशीला करून राहिलीय." खेरिट उठला, दाढी केली, केस विंचरले, इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर येऊन बसला. अर्ध्या तासानं हळूच विचारतो, "सुशीला केव्हा येणार? तुझी मावशी का?" भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरची, शेंगदाण्याच्या कुटाची फोडणी दिली की आमच्याकडे त्याला सुशीला म्हणतात. त्यानं दोन बशा खाल्ल्या.

मग अण्णा त्याला कपडे घ्यायला आम्हा दोघांना लातूरला घेऊन गेले, कारण जावयाला नवा कपडा झाला पाहिजे. खरेदीसाठी गंजगोलाई. वर्तुळाकार बाजारपेठ आहे, चहूकडून रस्ते येऊन मिळतात, आणि एकदा आत शिरलं की आपण कुठल्या रस्त्यानं आलो ते विसरायला होतं. आम्ही तीन फेऱ्या मारल्या. त्याच्या मापाचा तयार शर्ट कुठंच नव्हता. शेवटी एका दुकानदारानं पँटचं कापड नुसतं कमरेला लावलं आणि म्हणाला, "अण्णा, हे जावई दोन माणसाचं कापड खातेत." अण्णा अभिमानानं म्हणाले, "खाऊ द्या की."

तिसऱ्या दिवशी धोंडे झाले. वाफवलेले, पुरणानं फुगलेले, वर तुपाची धार. शिवाय ताटभर अनारसे, ते तेहतीसच असायला लागतात. खेरिटकडून मी 'पुरे', 'बास' आणि 'नको' हे तीन शब्द घोकून घेतले होते. त्यानं तिन्ही वापरले. माय म्हणाली, "किती गोड बोलतेत!" आणि आणखी दोन वाढले.

संध्याकाळी त्याचा चेहरा उतरला. जुलैचं वजन त्याच्या डोक्यात होतं. घरात काटा नव्हता. अण्णा म्हणाले, त्यात काय, आणि आम्ही अहमदपूरच्या मोंढ्यावर त्यांच्या ओळखीच्या आडत दुकानात गेलो. सोयाबीनची पोती बाजूला सारली आणि जावई काट्यावर उभे राहिले. आकडा पाहून खेरिटनं डोळे मिटले.

हमाल गंभीरपणे म्हणाला, "अण्णा, बारदानाचं वजा करायचं का?" पोत्याचं वजन वजा करतात, तसं कपड्यांचं.

मी भाषांतर केलं. खेरिटनं बूट काढले, पट्टा काढला, खिसे रिकामे केले. काटा हलला, पण त्याचं समाधान होईल इतका नाही.

"कामून एवढी काळजी?" अण्णांनी मला विचारलं. मग तिथंच, पोत्यांवर बसून, मी त्यांना कराराचं सगळं सांगितलं. माझ्या मनात काय आहे तेही सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. "तू त्यांला खेळताना पाह्यलंस का?" म्हणाले. मी नाही म्हटलं. "मग मत कशावरून बनवलंस?"

परवा सकाळी आम्ही निघणार होतो. उद्या संध्याकाळी शाळेच्या मैदानावर काय ते पाहू, असं अण्णांनी जाहीर केलं, आणि अख्ख्या गावाला जाहीर केलं. 'आमच्या जावयाला गोल मारून दाखवा.'

ऊन उतरल्यावर सगळं गाव जमलं. बालाजीनं व्हॉलीबॉलचे खांब रोवून वर दोरी बांधली होती. जमीन दगडासारखी. एकेकानं यायचं आणि लाथ मारायची. पहिले चार-पाच चेंडू खेरिटनं हसत हसत सोडून दिले, पाहुण्यानं सोडावेत तसे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा तरातरा खांबाजवळ गेले.

"जावई, तुमी मुद्दाम सोडून राहिलेत. आमी कबड्डीत कुणाला असं सोडलं न्हाई. हा अपमान हाय."

यातला 'अपमान' मी भाषांतरित केला. खेरिटचं हसू गेलं. त्यानं गळ्यातली साखळी काढून माझ्याकडे दिली, तळहातांवर थुंकला आणि दोन पावलं पुढे येऊन उभा राहिला.

त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. मी ज्या माणसाबरोबर भाजी आणायला जाते, जो सोफ्यावरून उठताना गुडघे धरतो, तो त्या दगडी जमिनीवर आडवा झेपावत होता. पोस्टमन आला, त्याचा चेंडू गेला दोरीवरून मागे. उपसरपंच धावत आले आणि चेंडूऐवजी त्यांची चप्पल आत गेली, खेरिटनं तीही झेलली. कॉलेजात खेळणाऱ्या एकानं कोपऱ्यात खरोखर कडक मारला. खेरिट उडी मारून तिथं पोचला होता, जणू त्याला आधीच निरोप मिळाला होता. कोपरं सोलली, गुडघ्यातून रक्त आलं. तो डचमध्ये कुणावर तरी ओरडत होता, बचाव करणाऱ्या अशा खेळाडूंवर, जे तिथं नव्हतेच. आणि तोंडभर हसत होता. मी त्याला असं पाहिलं नव्हतं.

सगळे थकले तेव्हा बायकांनी मायला पुढे ढकललं. मायनं पदर खोचला. गावाला वाटलं, आता जावई सोडणार. सासूच आहे. मायनं चेंडूला असा काही टोला दिला की तो वेडावाकडा उसळत डाव्या खांबाकडे निघाला. खेरिट झेपावला आणि बोटांच्या टोकांनी त्यानं तो बाहेर काढला.

सासूचा गोल अडवला! हसावं की रुसावं ते कुणाला कळेना. खेरिट धुळीत पडल्या पडल्या मायकडे बघत होता.

माय कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अस्सं. जेवताना बी असंच अडवायचं व्हतं की मग!"

अण्णा हसता हसता खाली बसले.

परतीच्या गाडीत त्यानं जिथं जिथं लागलं होतं तिथं तेल लावलं होतं आणि तो झोपत नव्हता. निजामाबादच्या पुढे म्हणाला, "मी क्लबला नाही म्हणणार आहे."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. "का?" मी विचारलं.

"बाकावर बसून गोल अडवता येत नाही."

आता सप्टेंबर संपत आला आहे. तो इकडं एका डच शाळेत खेळ शिकवतो, आणि दर शनिवारी शेजारच्या खेड्यातल्या हौशी संघाच्या गोलात उभा राहतो. पगार नाही. बोटं अजून निखळतात. म्हणजे मी जे टाळू पाहत होते ते टळलेलं नाही, फक्त आता मी ते समोर उभी राहून बघते. या प्रवासाचं मोजमाप करायचं तर ट्रंकभर अनारसे आले, एक शिवलेली पँट आली, आणि माझे शनिवार गेले.

पहिल्या सामन्यानंतर अण्णांचा फोन आला. गाव वाट बघत होतं.

"किती गोल झाले?"

"चार."

"मारले?"

"खाल्ले."

अण्णांनी फोन तोंडापासून दूर धरला. मग दुसऱ्या कुणाला तरी सांगितलेलं मला ऐकू आलं, "पाऊस व्हता म्हणं तिकडं, जमीन निसरडी." मग मला विचारलं, "अन् जावई आता काय करून राहिले?"

मी खिडकीतून पाहिलं. "अंगणात चिखलाचे बूट धुतायत. शीळ घालतायत."

"मग ठीक हाय," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.