आईच्या वहीवरची लाल शाई

आई गेल्याला वर्ष होत आलं, तेव्हा स्मृतिदिनाला वाटण्यासाठी दादाने एक पुस्तिका छापायची ठरवली. आईची शब्दांची वहीच छापू, म्हणाला. मला बरं वाटलं. तेवढंच एकदा.

आई सातवी शिकलेली. ठाण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. सुट्टीच्या दिवशी ठाकुर्लीहून चालत डोंबिवलीच्या वाचनालयात जायची आणि वाचताना अडलेला शब्द वहीत उतरवून घ्यायची. आधी स्वतःच्या मनाने अर्थ लिहायची, मग मला कोश बघायला लावायची. कोशातला अर्थ पटला नाही तर दोन्ही ठेवायची. पुढे पुढे, ज्या गोष्टीला शब्दच सापडत नसे तिच्यासाठी ती स्वतः शब्द करू लागली. निरोप घेऊन झाल्यावरही पाहुणे चपला घालून अर्धा तास बोलत उभे राहतात, ते दारथांब. रिक्षा स्टँडवर पोहोचल्यावर माणसाला परत घरी फिरवते ती कुलूपशंका.

छापून आलेल्या पुस्तिकेत यातला एकही शब्द नव्हता. कोशातले तेवढे होते, अकारविल्हे लावलेले. दादाने वही तपासायला त्याच्या शाळेतल्या निवृत्त सरांकडे दिली होती. सरांनी आईचे शब्द लाल शाईने खोडून समासात लिहिलं होतं : असा शब्द नाही.

"सरांनी किती मन लावून केलंय बघ," दादा म्हणाला. "आणि लोक हसले असते गं. सातवी पास बाई शब्द बनवते म्हणून."

"कोण हसलं असतं?"

"अगं, लोक."

"म्हणजे तू."

तो पुस्तिकांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडत बसला.

सरांपेक्षा मला त्याचाच राग आला. आई लिहिते याचं त्याला फार कौतुक होतं. काय लिहिते ते त्याने एकदाही वाचलं नव्हतं. कोशातला प्रत्येक शब्द कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा उच्चारलेलाच ना? त्या माणसाची इयत्ता कुणी विचारली? हे शब्द घरात आम्ही दोघीच बोलायचो. आता मी एकटी उरले होते, आणि माझ्यासमोरच्या वहीत त्यांच्यावर रेघ मारलेली होती.

रेघेखालचं अक्षर मात्र वाचता येत होतं. स्मृतिदिनाच्या सकाळी मी प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ते शब्द हाताने लिहायला बसले. नुसते शब्द. घरात भांडण झालं की आई फोडणीचा भात टाकायची आणि आम्ही एकमेकांशी न बोलता तो जेवायचो. त्या भाताचा शब्द मी सगळ्यांत वर लिहिला.

"भन्तेजी हॉलवर आलेत," दादा म्हणाला. "कितींवर लिहिणारेस?"

"सगळ्या."

त्याने एक पुस्तिका उचलून उभ्या उभ्या पाहिली.

"अबोलभात म्हणजे काय गं?"

"खाल्लायस तू," मी म्हणाले आणि पुढची पुस्तिका ओढली.