साहेबांना नऊ वेळा मारणारी आत्या

आमच्या इमारतीत गेल्या वर्षी एक बातमी जिन्याने वर चढली आणि लिफ्टने खाली उतरली: माझ्या आत्याला नोकरीवरून काढलं. का, तर तिने एका गोष्टीत स्वतःच्याच साहेबांना मारून टाकलं.

"खरं का गं?" लाँड्रीवाल्या काकांनी कपड्यांचा गठ्ठा माझ्या हातात देता देता विचारलं. "सुरीने मारलं म्हणे?"

बातमी निम्मी खरी होती. मारलं हे खरं, पण एकदा नाही, नऊ वेळा. एकदा हवा संपून, एकदा धुळीच्या वादळात, आणि एकदा तर एका यंत्राने साहेबांना सुटा भाग समजून कपाटात नीट ठेवलं आणि विसरून गेलं. सुरीने मात्र कधीच नाही. सुरी हे आळशी लेखकांचं काम, असं आत्या म्हणते. आणि नोकरीवरून काढलं हे साफ खोटं. उलट नवी गोष्ट छापून आली की साहेबच तिच्या टेबलापाशी येतात, घसा खाकरतात आणि विचारतात, "म्हणजे कसं आहे ना, या खेपेला मी कशाने गेलो? असो, असो, सांगू नका. वाचतो."

मग आत्या भर दुपारी घरी का दिसायची? कारण ऑफिसात तिला काम नव्हतं. काम नव्हतं, कारण ठेंगू बोलत नव्हता.

ठेंगू म्हणजे एक उपग्रह. कागदावर त्याला लांबलचक नाव आहे, पण तो कपडे धुण्याच्या मशीनएवढा म्हणून सगळे ठेंगूच म्हणतात. वरून तलावांकडे बघायचं आणि कुठे किती पाणी उरलंय ते कळवायचं, हे त्याचं काम. आणि त्याचं तोंड कुठे, पाठ कुठे, ऊन कुठून येतंय, हे त्याला स्वतःला नीट कळावं, हे आत्याचं काम. लोक तिला अंतराळशास्त्रज्ञ म्हणतात तेव्हा ती इकडेतिकडे बघते, जणू मागे कोणी उभं आहे. "मी दिशा सांभाळते," म्हणते. सहा वर्षं तिने ठेंगूची दिशा सांभाळली, तीही तो जमिनीवर असताना. वर गेल्यावर नवव्या दिवशी तो गप्प झाला.

गोष्टींचं वेड तिला ऑफिसातच लागलं. त्यांच्याकडे उपग्रह सोडण्याआधी प्रत्येकाला एक तक्ता भरावा लागतो. तीन रकाने: काय बिघडेल, बिघडलं तर काय होईल, उपाय काय. बाकीचे लोक मधल्या रकान्यात 'वीज बंद' एवढं लिहून चहाला जातात. आत्याचा मधला रकाना पहिल्याच वर्षी सतरा पानं झाला. त्यात वीज गेल्यावर यानातल्या माणसांची भांडणं होती, एक लग्न मोडलं होतं आणि वरिष्ठ अधिकारी गुदमरून गेला होता. साहेबांनी लाल शाईत शेरा मारला: 'तक्त्यात मावत नाही. गोष्ट म्हणून कुठेतरी पाठवा.' ते चिडून लिहिलं होतं. आत्याने सूचना म्हणून वाचलं आणि पाठवली. छापून आली. तो मेलेला अधिकारी म्हणजे साहेबांचा पहिला मृत्यू.

तिचा नियम एकच. एका गोष्टीत एकच बिघाड. "दोन बिघाड झाले की वाचक म्हणतो, थापा मारतेय. आणि तक्ता तपासणारेही तेच म्हणतात."

ठेंगू गप्प झाल्याला सहा आठवडे झाले, तेव्हा साहेबांनी सांगितलं, शुक्रवारी बैठक. त्यात ठेंगूला मृत घोषित करायचं आणि त्याच्याशी बोलायचा जमिनीवरचा अँटेना दुसऱ्या कामाला द्यायचा. तो सोमवार होता. त्या संध्याकाळी आत्या आमच्याकडे जेवायला आली. ती समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते आणि तिची भांडी बहुतेक आमच्याकडेच असतात.

माझे बाबा दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "ताई, पेशंट तोंडच उघडत नसेल तर मीसुद्धा काही करू शकत नाही."

"तुझा पेशंट निदान खुर्चीत तरी बसलेला असतो," आत्या म्हणाली. "माझा पाचशे किलोमीटर वर आहे."

मग ती पुन्हा त्या चाचणीबद्दल बोलायला लागली. आम्हाला ती तोंडपाठ झाली होती. ठेंगूच्या अंगावर ऊन शोधणारा एक डोळा आहे. ऊन डावीकडे दिसलं की ठेंगू डावीकडे वळणार आणि आपले वीज बनवणारे पंख उन्हात धरणार. हे सोडण्याआधी तपासलं होतं. मोठ्या हॉलमध्ये ठेंगू मध्ये, त्याच्या समोर आत्या हातात सूर्याएवढा प्रखर दिवा घेऊन उभी आणि पडद्यापाशी साहेब. "साहेब म्हणाले, डावीकडे घ्या. मी असा घेतला," आत्याने हातातला चमचा डावीकडे नेला. "पडद्यावर आलं, डावीकडे. साहेब म्हणाले, छान छान. सगळं बरोबर होतं!"

मी तिच्या समोर बसले होते. समोर कोणी हातवारे करून बोललं की माझे हात आपोआप तेच करायला लागतात. शाळेत यासाठी मला दोनदा वर्गाबाहेर काढलंय. माझाही चमचा हलला, भुवयाही तिच्यासारख्या वर गेल्या आणि मी तिच्याच आवाजात म्हणाले, "छान छान. सगळं बरोबर होतं!"

"नालायक," आई म्हणाली.

"थांब, थांब, थांब," आत्या म्हणाली. ती एकदा थांब कधीच म्हणत नाही. "परत कर."

"सॉरी आत्या."

"सॉरी नको, परत कर! मी कुठल्या बाजूला नेला चमचा?"

"डावीकडे."

"आणि तू?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. "उजवीकडे. अगं, मी तुझ्या समोर बसलेय ना. समोरून तसंच करावं लागतं, नाहीतर नक्कल खोटी दिसते."

आत्याने चमचा ताटात ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "मी ठेंगूच्या समोर उभी होते."

ते तिने आम्हाला दोन चमचे आणि एक मिठाची बाटली घेऊन समजावलं. बाटली म्हणजे ठेंगू. साहेबांना हवं होतं ठेंगूचं डावं. आत्याने दिवा नेला स्वतःच्या डाव्या हाताला, म्हणजे ठेंगूच्या उजव्या. तरी पडद्यावर 'डावं' आलं. याचा अर्थ तो डोळाच उलटा बसवलेला होता. नकाशा काढणाऱ्याने पुढून बघून डावं-उजवं लिहिलं होतं, बसवणाऱ्याने मागून बघून बसवलं. एक चूक दुसऱ्या चुकीच्या पांघरुणात शिरली आणि चाचणी उत्तम पार पडली. वर गेल्यावर आठ दिवस त्याला जमिनीवरूनच वळवत होते; नवव्या दिवशी ते काम त्याच्यावर सोपवलं आणि ठेंगू बिचारा सांगितल्याप्रमाणे वागला. ऊन शोधलं आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. बॅटरी संपली, झोपला.

"म्हणजे दोन बिघाड," मी म्हणाले. "तुझ्या नियमात बसत नाही."

"म्हणून तर मला सुचलं नाही," आत्या म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "आणि दिवा माझ्या हातात होता."

आता गोष्ट अशी होती. ठेंगूला वाचवायचं तर अँटेना हवा, अँटेना हवा तर बैठकीत कारण सांगायला हवं आणि कारण म्हणजे आत्या. ज्या बाईने सतरा पानं भरून जगातले सगळे बिघाड लिहिले, तिने 'दिवा धरणारी स्वतःचं डावं धरेल' हा एक लिहिला नव्हता. मंगळवारी ती गॅलरीत येरझाऱ्या घालत स्वतःशीच म्हणून बघत होती, "दिवा चुकला. दिवा चुकवला गेला." मी कपडे वाळत घालत होते, त्यामुळे ऐकू आलं. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "दिवा मी चुकवला," आणि आत गेली.

बुधवारी ती साहेबांच्या खोलीत जाऊन नेमकं तेच म्हणाली. आत्याला नक्कल अजिबात जमत नाही आणि साहेबांना मी तिच्या फोनवर बरेचदा ऐकलंय, त्यामुळे पुढचा आवाज माझा समजा. साहेबांनी चष्मा काढला. घसा खाकरला. "म्हणजे कसं आहे ना, दिवा तुमच्या हातात होता, बरोबर. पण छान छान कोण म्हणत होतं? मीच ना? असो." मग त्यांनी अँटेना आणखी पंधरा दिवस ठेवून घेतला.

पण अँटेना मिळाला म्हणजे ठेंगू मिळाला असं नाही. झोपेत तो हळूहळू गिरक्या घेत होता. कधीतरी त्याच्या पंखांवर ऊन पडणार, त्याला जाग येणार आणि जाग आली की अर्ध्या तासात तो शहाणा पुन्हा उन्हाकडे पाठ करणार. आमच्या डोक्यावरून तो सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जातो, दर खेपेला दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत तो जागा असेल तरच त्याला 'डावं म्हणजे उजवं समज' हा निरोप ऐकू येणार.

"म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला," मी म्हणाले.

"कावळा रोज दोनदा बसवणार आहे मी," आत्या म्हणाली. "फांदी कधी ना कधी तुटेलच."

"पंधरा दिवसांत? शक्यच नाही."

"पैज?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी म्हणून बसले, "पैज!" मी जिंकले तर पुढच्या गोष्टीत साहेबांऐवजी मी मरणार, तेही सविस्तर, निदान दोन पानं. तिने जिंकली तर मी एक पूर्ण दिवस बोलायचं नाही. माझ्या आवाजात नाही आणि दुसऱ्या कोणाच्याही नाही.

"हे मात्र तक्त्यात लिहिण्यासारखं आहे," बाबा म्हणाले.

आत्या दिवसातून दोनदा निरोप धाडू लागली. अकरा दिवस गेले. उत्तर नाही. मधल्या काळात मासिकाच्या संपादकबाईंचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होते. आत्याची नवी गोष्ट एका गप्प झालेल्या यानाचीच होती.

"शेवट कधी देताय?"

"शुक्रवारी."

"बरं, पण शेवट काय आहे?"

"मला काय माहीत!" आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

तेराव्या दिवशी मी मनातल्या मनात मरायच्या तयारीला लागले होते. कसं मरायचं तेही ठरवलं होतं. आणि खरं सांगायचं तर पैज जिंकतेय याचं मला अजिबात बरं वाटत नव्हतं. संध्याकाळी आत्या घरी यायची, चपला काढायची आणि आम्ही काही विचारायच्या आत मान हलवायची.

चौदाव्या दिवशी, सकाळी अकरा बेचाळीसला, तिचा फोन आला. सुट्टीचा दिवस होता. तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. फोन कशाच्या तरी जवळ धरला होता. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून कुठलासा किडा खिडकीच्या काचेवर आपटावा तसा आवाज, टिक, टिक, टिक्‌टिक, टिक. मागे बरेच लोक एकदम ओरडत होते आणि त्यात घसा खाकरल्याचा एक आवाज मला स्पष्ट ओळखू आला.

"ऐकलंस?" आत्या म्हणाली. तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता आणि तो मला अजूनही काढता येत नाही. "जागा होता. निरोप ऐकला. वळतोय, उन्हाकडे वळतोय!"

मी इतक्या जोरात किंचाळले की शेजारच्यांनी दार वाजवलं.

संध्याकाळी तो पुन्हा डोक्यावरून गेला, तेव्हाही उन्हाकडेच तोंड करून होता. बॅटरी अर्धी भरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझं मौन सुरू झालं. आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला. शाळेत बाईंनी हजेरी घेताना मी नुसता हात वर केला, तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि वर्गाला सांगितलं, "हिला काहीतरी झालंय." मी तग धरला. संध्याकाळी पाचपर्यंत मला वाटलं, जमलं की.

साडेपाचला बेल वाजली. दारात आत्या आणि तिच्यामागे एक उंच गृहस्थ. कपाळावर घाम, हातात पेढ्यांचा नव्हे, बिस्किटांचा डबा. आत येऊन त्यांनी घसा खाकरला.

"म्हणजे कसं आहे ना," ते म्हणाले, "माझा आवाज हुबेहूब काढते ती हीच का? ऐकू दे की जरा. असो, असो, लाजू नकोस!"

समोर खुद्द साहेब. नऊ वेळा मेलेले आणि तरी स्वतःच्या पायांनी चालत आलेले. 'असो' तर माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला होता. मी आत्याकडे पाहिलं. आत्याने घड्याळाकडे पाहिलं.

"आज नाही, साहेब," ती म्हणाली. "आज ती हरलीये."

मी मूग गिळून बिस्किटाचा डबा उघडला आणि साहेबांपुढे धरला.