आंब्याखालचा मनीप्लांट

परळच्या आमच्या सोसायटीत आंब्याच्या गर्द सावलीत मी दोनदा लॉन लावलं आणि दोन्हीदा ते वाळवून दाखवलं. कमिटीने बजावलं, "दिवाळीपर्यंत हिरवं दिसलं नाही, तर तिथे लाद्या बसवू."

दादरच्या फुटपाथवर रोपं विकणाऱ्या मावशीने माझी कथा ऐकून कपाळावर हात मारला. ओल्या कागदात मनीप्लांटचे तुकडे गुंडाळत म्हणाली, "हा सावलीतच जमिनीवर पसरतो. बाराही महिने हिरवा."

पंधरा दिवसांनी मी तक्रार घेऊन हजर. "मावशी, रोज उपटून बघतो, मुळं धरतच नाहीत!"

पदराआड हसत ती म्हणाली, "भाऊ, पोराला शाळेत घालून तासातासाला घरी आणता का?"

दिवाळीला अर्धी जमीन हिरवी झाली, लाद्या टळल्या. मी फोटो दाखवायला गेलो, तर मावशीने आधी माझी नखं तपासली. माती नव्हती.