चुन्याचं वर्तुळ

दुरुस्तीला घ्यायच्या खड्ड्यांभोवती आम्ही पालिकेची माणसं चुन्यानं वर्तुळ काढतो. चुना आधी पडतो, निर्णय मागाहून होतो. उतारावरच्या गल्लीत असं एक वर्तुळ मी दिवाळीच्या आधी काढलं होतं. आज तिथून जाताना पाहिलं, तर ते अजून पांढरंशुभ्र. चुना इतका टिकत नाही, म्हणून स्कूटर थांबवून वाकून पाहिलं. रांगोळी होती.

समोरच्या दारातून एक मावशी म्हणाल्या, "पुसट होत चाललं होतं साहेब. तुमच्या माणसांना खड्डा सापडायला नको? सकाळी दारात रांगोळी घालते, तेव्हा त्याच्याभोवतीही फिरवते."

यंदाचं डांबर मोठ्या रस्त्यावर गेलं. तो अजून धड आहे, आणि धड आहे तोवरच त्याच्यावर थर द्यावा लागतो. उखडला की मुळापासून करायचा. शिवाय बस त्यावरून जाते, दवाखान्याची गाडी जाते. मावशींची गल्ली आधीच उखडलेली, म्हणून ती थांबू शकते. यात चूक काही नाही. मीच तसं सुचवलंय. पण पांघरूण तोकडं आहे. डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडतात, आणि इतकी वर्षं ओढून ओढून आता हात भरून आलेत.

"येतील ना माणसं?"

"येतील मावशी. जरा उशीर होईल."

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून मोठी काढते. लांबून दिसायला हवी."