भिंतीकडे तोंड करून

मावीस गेली एकवीस वर्षं अ‍ॅडलेडच्या पार उत्तरेला, आदिवासी वस्तीतल्या शाळेत मदतनीस आहे. एवढ्या काळात चौदा शिक्षक आले आणि गेले. कुणी उकाड्याला कंटाळलं, कुणी मगरींची धास्ती घेतली. मावीस आहे तिथेच. तरी प्रत्येक नव्या बाईंना वाटतं, हिला पोरांची नाकं पुसायला ठेवलंय.

यंदा आलेल्या कर्स्टनबाई मनाने वाईट नव्हत्या. पण परीक्षेच्या दिवशी त्यांनी मावीसला न आलेली पोरं गोळा करायला वस्तीत पिटाळलं आणि मागे स्वतःच वाचनाच्या जोड्या लावल्या. एकाने एक ओळ वाचायची, दुसऱ्याने पुढची, अडलं तर जोडीदाराने सांगायचं. डेल्विनासमोर बसवला क्लेटन. आडनावं वेगळी, म्हणून बाईंना काही खटकलं नाही. पण दोघांच्या आया सख्ख्या बहिणी, आणि इथे मावसभाऊ वगैरे भानगड नाही. भाऊ तो भाऊच. भाऊबहीण मोठी होऊ लागली की समोरासमोर बोलत नाहीत, एकमेकांचं नावही घेत नाहीत. मान राखायचा तो असा. दोघं माना खाली घालून गप्प बसली. बाईंनी लिहिलं, ‘वाचता येत नाही’, आणि दोघांना दोन इयत्ता खाली बसवायच्या यादीत टाकलं.

मावीस परतली, यादी पाहिली आणि तिचा पारा चढला.

“बाई, ती पोर आजीला दवाखान्याचे कागद वाचून दाखवते!”

“मी पाहिलं ते लिहिलं, मावीस. यादी वर गेलीय. आता काय ते शाळा समितीत.”

“मग मी येते समितीत.”

“मदतनीस नसतात गं तिथे.”

“आजपासून असतील.”

बोलून गेली खरी, पण समितीचा अध्यक्ष वेस्ली म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. चाळीस वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेली नाहीत. त्याच्यासमोर तोंड उघडलं, तर मावीसने लाज सोडली म्हणून गावभर बोभाटा होणार.

पोरांचा वाचनाचा सराव घ्यायला अ‍ॅडलेडहून स्वखुशीने आलेला म्हातारा सुतार नेव्हिल म्हणाला, “तुझ्या वतीने मी बोलू का?”

“तू पाऊस लागला की पळणार. पोरं माझी आहेत. तू नुसती खुर्ची उचल.”

दुपारी बैठकीत नेव्हिलने ती खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तो दारात थांबला. मावीस वेस्लीकडे, म्हणजे सगळ्यांकडेच, पाठ करून बसली.

“अगं, इकडे वळ की!” मुख्याध्यापक हसले. “आम्ही काय खातो तुला?”

मावीस हलली नाही. “दोन पोरांवर अन्याय झालाय,” ती भिंतीला म्हणाली. “त्यांना वाचता येतं. पण ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्यासमोर बसवल्यावर कोण वाचेल?”

मागे खुर्ची सरकली. जड पावलं दाराबाहेर गेली. भाऊ रागावून उठला, या विचाराने मावीसला रडू फुटायचंच बाकी होतं. तिने झग्याची कड मुठीत आवळली आणि उठायचं नाही असं ठरवलं.

मग व्हरांड्यातून वेस्लीचा आवाज आला. “नेव्हिल, आत सांग. अध्यक्ष बाहेर बसून ऐकतोय. ज्या बाई बोलतायत त्यांनी आता टेबलाकडे वळून, सावकाश, सगळं सांगावं.”

मावीसने खुर्ची फिरवली आणि सगळं सांगितलं. कर्स्टनबाई एकदा रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या, एकदा खिडकीबाहेरच्या पाठमोऱ्या माणसाकडे. मोठमोठ्या मंत्र्यांना सुनावणारा हा माणूस बहिणीला बोलता यावं म्हणून उन्हात जाऊन बसला होता. बाईंचे कान लाल झाले. त्यांनी यादी ओढली आणि दोन्ही नावांवर काट मारली.

“चूक माझी. उद्या परत परीक्षा घेऊ. जोड्या मावीस लावेल.”

“उद्या कशाला?” मावीस म्हणाली. “पोरं घेऊन आलेय मी. एक आंब्याखाली बसलीय, दुसरा पाण्याच्या टाकीमागे.”

कर्स्टनबाई पुस्तक घेऊन उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

“मावीस,” त्यांनी विचारलं, “आधी कुणाकडे जायचं?”