अक्कांची अशरफी गेली तपासणीला

नांदेडात माझं भांड्यांचं दुकान आहे, आणि भांड्यांच्या आडून जुन्या नाण्यांचा उद्योग. शाळेत मी फार टिकलो नाही. फारसी अक्षरं नाण्यांवरूनच शिकलो. या धंद्यात किस्से साचतात ते मोडीत आलेल्या भांड्यांच्या ढिगासारखे. निवडायला बसलं की दिवस मावळतो. पूर्वीचे किस्से सांगताना आम्ही पोट धरून हसायचो. हल्लीचे सांगताना आधी दार लोटून घेतो!

कारण एकच, ग्रेडिंग! नाणं कुरिअरनं कंपनीकडं पाठवायचं. ते तपासणार, सत्तरपैकी मार्क देणार आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत धाडणार. डबी फोडली की मार्क गेले! आणि नाणं खोटं ठरलं, तर तसा शेरा मारून वापस.

आमच्या नाणेवाल्यांतले मन्मथअप्पा लातूरचे, भुसार व्यापारी. त्यांनी यंदा निजामाच्या काळातली सोन्याची अशरफी पाठवली. ती मुळात त्यांच्या थोरल्या बहिणीची, निलंग्याच्या अक्कांची. वडलांनी जाताना औशाकडचं शेत अप्पांना दिलं आणि अक्कांच्या हातावर ही अशरफी ठेवली. "लई दुर्मीळ हाय. तुझा वाटा हिच्यात आला." तेव्हापासून ती अप्पांच्याच तिजोरीत. आता अक्कांच्या जावयानं विचारलं, "खरी कशावरून?"

खरी म्हणून मीच सांगितलं होतं. पण आता माझा शब्द चालेना, डबी पाहिजे! खोटी निघाली तर बापानं लेकीला फसवलं आणि भाऊ तिचा वाटा खाऊन बसला, असा अर्थ. पार्सल गेलं आणि अप्पांची झोप गेली. माझीही!

*

अप्पा सारखे लातूरहून माझ्या दुकानात येऊन बसू लागले. त्यांना धीर द्यायला म्हणून उमरीचे गुरुजी आले. रिटायर्ड मास्तर, चांदीच्या रुपयांचे शौकीन. त्यांनी स्वतःचाच अनुभव सांगितला आणि होता तो धीरही गेला.

गुरुजींनी घरचे रुपये मोठ्या हौसेनं पाठवले होते. सगळे बिनमार्काचे परत! शेरा एकच: 'नाणी घासलेली आहेत.' घासलेली असणारच. दर लक्ष्मीपूजनाला आधी आजी, मग आई, मग गुरुजींची बायको. चिंच-राख लावून लख्ख करायच्या, तेव्हा कुठं ती पाटावर बसायची.

शेरा ऐकून गुरुजींच्या बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता पारोशी ठेवू का लक्ष्मीला?"

अप्पांनी घाबरून विचारलं, "आमची बी कुणी घासली असल का हो?"

*

हमीदभाई नांदेडातच, देगलूर नाक्यावर घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी एक रुपया पाठवला, अठ्ठावन्न मार्क आले. मनाला पटेना. त्यांनी डबी फोडली आणि तोच रुपया पुन्हा त्याच कंपनीकडं पाठवला. आले बासष्ट!

आम्ही पेढे मागितले. हमीदभाई हसेनात.

"पेढे कायके, शेठ? एकच नब्ज. एक हकीम बोलता मियाँ बीमार, दूसरा बोलता शादी करो! मेरेकू डर लगरा."

*

लातूरला नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. एक तरुण गिऱ्हाईक माझ्या टेबलापाशी आलं. मी मुद्दाम डबीतल्या नाण्यावर अंगठा ठेवला, नुसतं लेबल दिसेल असा.

"चौसष्ट! कितीला देता?"

"अहो, नाणं तर बघा."

"काका, नाण्यात काय बघायचंय? आकडा बघितला की!"

आम्ही नाणं दगडावर टाकून आवाज ऐकणारी माणसं. खरी चांदी बोलते, खोटी बसक्या गळ्यानं खोकते. डबीत सगळीच मुकी! त्याला नाणं विकलं खरं, पण रस्ताभर एकच विचार: आपले डोळे-कान आता कोण विकत घेणार?

*

हिमायतनगरचा एक शेतकरी अशीच डबी घेऊन दुकानात आला. डबीवरचा नंबर फोनमध्ये टाकला. कंपनीच्या साइटवर तोच रुपया, तेच साल, तेच मार्क. झकास!

हमीदभाईंनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं आणि साइटवरचा फोटो डबीशी ताडून पाहिला. फोटोतल्या रुपयाच्या कडेला ओरखडा होता, डबीतल्याला नव्हता. कुणीतरी डबीच नकली बनवून खरा नंबर छापला होता!

"म्हणजे माझं नाणं खोटं?"

"डबी खोटी," मी म्हणालो. "नाण्याचं सांगता येत नाही."

"मग फोडून बघा की!"

"आणि डबी खरी निघाली तर? फोटोच चुकीचा लागला असंल तर?"

शेतकऱ्यानं डबी रुमालात बांधली आणि विंचू धरावा तशी अंगापासून लांब धरून नेली. अप्पा कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होते. पाणी मागितलं, आणि प्यायलेच नाहीत.

*

मग अप्पांनी रोज कंपनीला फोन लावायला सुरुवात केली.

"आमच्या अशरफीचं कसं हाय?"

"सर, तपासणी सुरू आहे."

"काही अंदाज? बरं-वाईट?"

"सर, सांगता येत नाही."

फोन ठेवून मला म्हणाले, "शेठ, बाबांना लातूरला दवाखान्यात टाकलं होतं, तवा डाक्टर असंच बोलून राहिला होता."

*

पार्सल आलं. अप्पांनी अक्कांना निलंग्याहून बोलावून घेतलं. हमीदभाई आणि मी नांदेडहून लातूरला गेलो. पुडकं कापायला अप्पांनी कात्री माझ्याच हातात दिली.

अशरफी अस्सल! वर साठ मार्क!

हमीदभाईंनी अप्पांना कडकडून मिठी मारली. अप्पा डोळे पुसत म्हणाले, "बाबा खोटं बोलले न्हाईत, अक्का! घे, जावयाला दाखीव."

अक्कांनी डबी उजेडात धरली. पालथी केली, पुन्हा सुलटी केली. नखानं टकटक केलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"मन्मथ, बाबांनी जाताना भस्माच्या बोटांनी दिली होती ही. भस्म अक्षरांच्या खाचंत बसलं होतं. मी कधी पुसू दिलं न्हाई. कुठंय?"

"कंपनीवाले धोये होंगे, अक्का," हमीदभाई घाईनं म्हणाले.

कंपनी नाणं धूत नाही. हे मला माहीत होतं, हमीदभाईंनाही माहीत होतं. म्हणजे एकतर तिजोरीतच कुणी पुसली, नाहीतर ही अशरफीच दुसरी! मी पुडक्याचे तुकडे गोळा करू लागलो.

अक्का भावाकडं बघत राहिल्या. अप्पांनी मान वर केली नाही. डबीवरच्या लेबलावर बोट ठेवून म्हणाले,

"खरी म्हणून छापून आलंय की, अक्का! आता आनि काय पायजे?"